हलकं असेल त्यानं वर जायचं

मी, डोर्कस ॲन बीचम, दिवंगत ॲझेल बीचम यांची विधवा, वय अठ्ठावन्न, धंदा फुगे शिवणे व उडवणे, राहणार बेल्टन्स कॉर्नर, राज्य ओहायो, आज शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माझ्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे मुद्दाम लिहावे लागते, कारण या गावातले निम्मे लोक मला लग्नापासून वेडी समजतात आणि उरलेले उद्यापासून समजू लागतील. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून भुलवलेले नाही. पोटात अन्न नाही, एवढेच. पण उपाशी बाईने लिहिलेले मृत्युपत्र रद्द होते, असे मी कुठल्या कायद्यात ऐकलेले नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. आता करण्याचे कारण असे. उद्या जिल्ह्याच्या जत्रेत आमचे हवाई जहाज 'रानहंस', म्हणजे इंजिन आणि सुकाणू लावलेला मोठा फुगा, उडेल, न्यायालयाच्या घुमटाला वळसा घालेल आणि परत येईल. त्यात एकालाच बसता येते. बसणारी मी असावे अशी माझी इच्छा आहे. लोविनाची इच्छा तिने बसावे अशी आहे. आज दुपारी डेलबर्ट फ्रायच्या दुकानातल्या धान्याच्या काट्यावर त्याचा निकाल लागेल. तो माझ्या बाजूने लागला, तर या कागदाची गरज पडण्याचा संभव आहे.

कलम पहिले, माझ्या देहाविषयी. तो सापडला तर ॲझेलच्या शेजारी पुरावा. अंगात तपकिरी झगा असावा. जत्रेतला चमचमता पोशाख घालू नये, तो घालून मी जन्मभर थंडीने कुडकुडले आहे. दगडावर फुगा कोरू नये. आणि पाद्रीबाबांनी 'ती आता कायमची वर गेली' हा विनोद करू नये. ॲझेलच्या वेळी त्यांनी तो केला, लोक हसले, मीही तोंडदेखले हसले. पण ॲझेल आयुष्यात दोनदाच वर गेला होता, तेव्हा विनोद म्हणूनही तो चुकीचा होता.

कलम दुसरे. यात कोणाला काही दिलेले नाही. पण हा कागद पुढे न्यायाधीशांसमोर आला तर ते विचारतील की अठ्ठावन्न वर्षांची बाई तिथे चढली कशाला, म्हणून सांगते.

मी टोपीवालीच्या दुकानात शिवणकाम करत होते. ॲझेल रेशीम घेऊन आला आणि विचारू लागला की हवा सुटणार नाही अशी शिवण कोण घालते. मी घातली. त्याने शिवणीला तोंड लावून गाल फुगेपर्यंत फुंकले आणि म्हणाला, "ही बाई मला हवी." दुकानातल्या बायका महिनाभर हसत होत्या. लग्न झाल्यावर पहिल्याच हंगामात आमची भांडणे सुरू झाली. त्यालाही वर जायचे, मलाही. शेवटी त्याने नियम केला: "हलकं असेल त्यानं वर जायचं. काटा सांगेल ते दोघांनी ऐकायचं." त्याला वाटले आपण मोठा न्याय करतो आहोत. पण त्याला सफरचंदाचा 'पाय', म्हणजे सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ, फार आवडायचा आणि मी तो बरा करते. दोन हंगामांत तो स्वतःच्याच नियमाने जमिनीवर बसला, तो कायमचा. जहाजे तो बांधत राहिला आणि मी उडवत राहिले.

पुढे लोविना मोठी झाली, मी जाड झाले, आणि काटा तिच्या बाजूने झुकला. मी तिला वर जाताना बघत खाली उभी राहू लागले. खाली उभे राहणे जास्त अवघड असते, हे ॲझेलने मला कधी सांगितले नव्हते. मला त्याचा अजून राग आहे.

कलम तिसरे. माझे राहते घर, मागचा गोठा जिथे आम्ही जहाज टांगतो तो, चूल, भांडीकुंडी, विहीर आणि चार सफरचंदाची झाडे मी लोविनाला देते.

लोविना माझ्या पोटची नाही. पूर्वेकडून अनाथ मुलांना घेऊन आगगाडी यायची आणि चर्चच्या ओट्यावर मुलांना उभे करायचे, तशी ती आली. शेतकरी मुलांचे दंड चाचपून बघत होते. ती मात्र थेट ॲझेलपाशी आली आणि म्हणाली, "तुम्ही फुगेवाले का?" तो हो म्हणाला. "मग मला घ्या. मी उंचावर घाबरत नाही." ती घाबरते की नाही हे तेव्हा तिलाही माहीत नव्हते, पण घरी आली. गोवर निघाला तेव्हा तापात मला आई म्हणाली आणि ताप उतरल्यावरही तेच म्हणत राहिली. दत्तक घेतल्याचा कागद आम्ही केला नाही. ॲझेल म्हणाला, "तिला ठाऊक आहे, आपल्याला ठाऊक आहे, आणखी कुणाला कशाला सांगत बसायचं?" आता वकील म्हणतात की कागद नाही तर ती माझी कोणी नाही. मी मृत्युपत्राशिवाय मेले, तर सगळे माझ्या रक्ताच्या माणसाला जाईल. रक्ताचे माणूस एकच उरले आहे. त्याचे कलम पुढचे आहे.

कलम चौथे. माझा धाकटा भाऊ रूफस टॅगर्ट, जो स्वतःला कर्नल म्हणवतो आणि ज्याने बंदूक फक्त नेमबाजीच्या दुकानात धरली आहे, त्याला मी गोठ्यामागचे ते पिंप देते ज्यात फुग्यासाठी वायू केल्यानंतरचे आम्ल आणि लोखंडाचा चिखल साचला आहे. त्याने ते स्वतः उचलून न्यावे. वास सहन होत नसेल तर त्याने आठवावे की मी तो जन्मभर सहन केला.

रूफस आमच्याबरोबर तिकिटे विकायचा. एकदा वारा फिरला आणि मी फुग्यासकट एका एल्मच्या झाडात अडकले. दुपारभर लटकून होते. ॲझेल शिडी आणायला धावला. रूफसने झाडाभोवती दोर बांधला आणि 'झाडातली बाई' बघायची तिकिटे विकली. मी वरून ओरडले, "रूफस, दोर इकडे फेक." तो खालून म्हणाला, "ताई, अजून थोडा वेळ धर, रांग मोठी आहे." हे मी माफ केले होते. पुढे तो ॲझेलने काढलेली जहाजाची आकृती घेऊन निघून गेला, स्वतःचे जहाज बांधले, आणि इंजिन त्या पेटणाऱ्या वायूच्या इतके जवळ टांगले की त्यातून ठिणगी उडताना बघितली की मी चार पावले मागे सरते. हेही कदाचित माफ केले असते. पण ॲझेल गेल्यापासून तो प्रत्येक जत्रेत सांगत फिरतो की बीचमचे सुकाणू वळत नाही, बीचमचे जहाज नुसते वर जाते आणि वारा नेईल तिकडे जाते. हे माफ करत नाही. लोविनाही करत नाही. म्हणूनच उद्याची शर्यत आहे. दोन्ही जहाजे घुमटाला वळसा घालणार, आणि वळून येईल त्याचे सुकाणू खरे.

कलम पाचवे. शिवणयंत्र, मेण, सुया आणि शिवताना बोटात घालायचे माझे टोपण लोविनाला. तिने दाताने दोरा तोडू नये. माझे काय झाले ते तिने बघितले आहे.

कलम सहावे. ॲझेलचा रविवारचा काळा कोट डेलबर्ट फ्राय, धान्याचे दुकानदार, यांना. त्यांना तो खांद्यात बसेल. ॲझेल गेल्यापासून ते दर आठवड्याला कोंबड्यांच्या दाण्याची पिशवी आणून पायरीवर ठेवतात. आमच्याकडे कोंबड्या नाहीत.

इतके लिहिले तोच रूफस आला. टोपी न काढता आत आला, हातात फडक्याखाली गरमागरम सफरचंदाचा 'पाय'. दालचिनीचा वास घरभर झाला आणि माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली, इतका चांगला वास होता तो.

"ताई," तो म्हणाला, "किती वाळलीस ग. गळ्याची हाडं मोजता येतायत. म्हटलं बहिणीला काहीतरी खाऊ घालावं."

"काट्यावर जायच्या दिवशीच आठवण झाली वाटतं."

"लोक काहीही बोलतात. मी आपला मायेपोटी आलो." तो खुर्ची ओढून बसला. "हे बघ, स्पष्ट बोलतो. उद्या तू चढलीस तर लोक हसतील. म्हातारी चढली म्हणून बघायला येतील, आणि सुकाणू नाहीच वळलं की घरी जातील. लोविनाला माझ्याकडे पाठव. माझ्या जहाजातली जागा तिच्यासाठी रिकामी आहे, तिला माहीत आहे. तू तिला अडवलंस तर ती आपल्या पायांनी येईल."

"तुझ्या त्या ठिणग्यांच्या डब्यात?"

"अजून तरी जळालं नाही."

"जळालं की तिकिटं विकशील."

तो हसला. त्याला खरेच वाईट वाटत नाही. हे त्याचे वैगुण्य लहानपणापासून आहे. जाताना सफरचंदाचा 'पाय' टेबलावर ठेवून गेला. मी तो खिडकीबाहेर ठेवला. आमच्या कुत्र्याने तो संपवला. हे कुत्रे या उन्हाळ्यात फार जाड झाले आहे, त्याचे कारण पुढच्या कलमात येईल.

कलम सातवे, 'रानहंस'विषयी. हे कलम मला नीट लिहायचे आहे.

जहाजाचे रेशीम पट्ट्यापट्ट्यांनी शिवलेले असते आणि वायू निसटू नये म्हणून वर जवसाच्या तेलाचे रोगण चढवलेले असते. असे रेशीम घडी घालताना प्रत्येक घडीत खडूची भुकटी शिंपावी लागते. नाहीतर रोगणाला रोगण चिकटते, घडी आतल्या आत तापते आणि रेशीम भाजून निघते. वरून काही दिसत नाही. उन्हाळ्यात मागच्या गावी वादळ येत होते आणि गाडी सुटत होती. घाईत घडी भुकटीशिवाय घातली गेली. कोणी घातली ते मी कधी विचारलेले नाही, बोललेले नाही आणि इथेही लिहीत नाही. घातली गेली, एवढेच. घरी येऊन उलगडली तेव्हा पाचवा पट्टा चिकटला होता, ओढून सोडवावा लागला. लोविनाने त्यावर नवे रोगण चढवले आणि म्हणाली, "झालं. काही झालेलं नाही त्याला." मी हात फिरवला. मला ते रेशीम हातात मेलेले लागले. पण हात खोटेही बोलतात, आणि माझे हात म्हातारे आहेत.

खात्री करायची तर एकच उपाय. पट्टा उसवायचा, कापून बघायचा. मग नवा पट्टा शिवून त्यावर रोगण वाळायला दहा-बारा दिवस लागतात, म्हणजे शर्यत गेली. मी एकदा नुसते सुचवले. लोविना पांढरी पडली आणि म्हणाली, "बाबांचं जहाज मी त्या माणसासमोर खोटं पडू देणार नाही. तू उसवलंस तर मी रूफसमामाच्या जहाजातून त्या घुमटाला वळसा घालीन आणि खाली उतरून सांगीन की हे सुकाणू बाबांनी काढलेल्या आकृतीवरून केलंय." ती बोलते ते करते. गोठ्याला कुलूप घातले तर ती ठिणग्यांत जाऊन बसेल. नाही घातले तर त्या पाचव्या पट्ट्याखाली. तिला थांबवणारी या घरात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ॲझेलचा नियम, कारण तो ॲझेलचा आहे.

म्हणून मी खायचे सोडले.

आमच्या जेवणाच्या टेबलावर या उन्हाळ्यात जे चालले ते कोणी बघितले असते तर आम्हा दोघींना वेड्यांच्या इस्पितळात नेले असते. "आई, अजून एक बटाटा घे ना." "तूच घे, तुझं वाढतं वय." "तेविसाव्या वर्षी वाढतं वय?" मी मांस रुमालात घ्यायचे आणि टेबलाखाली सोडायचे. तीही काहीतरी सोडायची. मला वाटले, तिला जिंकायचे आहे म्हणून. कुत्र्याला स्वर्ग सापडला. मला रात्री भाकरीची स्वप्ने पडायची.

तर 'रानहंस', त्याचे इंजिन, पंखा, सुकाणू आणि ॲझेलच्या सगळ्या आकृत्या मी लोविनाला देते. उद्या पाचवा पट्टा फाटला तर रेशीम शिल्लक राहणार नाही. सुकाणू मात्र मजबूत आहे, ते शोधून घ्यावे. माझ्याआधी ते शोधले तरी चालेल. आणि तिने पुढचे जहाज बांधावे. घड्या घालताना भुकटी शिंपावी.

काट्यावर जायची वेळ झाली. उरलेले आल्यावर लिहिते.

आले. लिहिते.

डेलबर्टच्या दुकानात पोती बाजूला सारून जागा केली होती. लोक फार नव्हते, बहुतेक जण जत्रेच्या मैदानात होते. शेजारीण यूनिस पार्माली माझ्यासोबत आली होती, कारण मी वाटेत दोनदा कुंपणाला धरून उभी राहिले. रूफस दारात टेकून उभा होता. नियमाप्रमाणे ज्या कपड्यांत उडायचे त्याच कपड्यांत उभे राहायचे.

लोविना आधी चढली. डेलबर्टनी वजने सरकवली, दांडी स्थिर झाली. मग मी चढले. दांडी हलली आणि तिथेच, त्याच खुणेवर थांबली. डेलबर्टनी वाकून बघितले, फुंकर मारली, पुन्हा बघितले.

"सारख्या," ते म्हणाले. "अगदी सारख्या."

"मग तरुण असेल ती," रूफस दारातून म्हणाला.

"नियमात वयाबद्दल काही नाही," मी म्हणाले. आणि मी माझी कवळी काढली, वरची आणि खालची, आणि यूनिसच्या हातावर ठेवली. ती बिचारी दचकली. दांडी माझ्या बाजूने हलली.

"नियमात दातांबद्दलही काही नाही," मी म्हणाले, पण दात नसल्यामुळे ते नीट कोणाला कळले नसावे.

रूफस इतका हसला की त्याला बाहेर जावे लागले. लोविना हसली नाही. ती माझ्या मनगटाकडे बघत होती. मी उतरले तेव्हा तिने मला धरले आणि धरूनच घरी आणले. मी जिंकले होते. इतकी घाबरलेली मी आयुष्यात कधी नव्हते, आणि मला गाणे म्हणावेसे वाटत होते. दोन्ही खरे आहे.

आता साक्षीदारांचे. वकिलांनी बजावले होते की दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला दिलेले रद्द होते. यूनिसला मी काही दिलेले नाही, तिने ते मनाला लावून घेऊ नये. म्हणूनच तिला सही करता येते. दुसरे डेलबर्ट. त्यांच्यासाठी मी कलम सहावे या ठिकाणी रद्द करते. कोट यूनिसच्या नवऱ्याला द्यावा, त्याला तो लांब होईल.

डेलबर्ट आले. टोपी काढून उभे राहिले. यूनिसने कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"डोर्कसबाई," ते म्हणाले, "काटा खोटं बोलत नाही, म्हणून दुकानात मी गप्प बसलो. पण ही सही माझी आहे. मी नाही करणार."

"कोट परत हवा असेल तर तसं सांगा."

"कोट नको. काहीच नको." त्यांनी टोपी फिरवली. "तुम्ही पडलात तर माझ्या सहीनं पडल्यासारखं होईल. दुसरं कुणी बघा."

दुसरे कोणी नव्हते. सगळे गाव जत्रेत. रूफसची सही मी मेले तरी घेणार नाही. शिवाय त्याचे पिंप रद्द होईल. डेलबर्ट बाहेर गेले ते घरी गेलेच नाहीत, पायरीवर बसून राहिले. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेले होते. यूनिस म्हणाली, "आता ग?"

तेव्हा लोविना म्हणाली, "मी करते."

"तुला नाही करता येणार," मी म्हणाले. "तू सही केलीस तर तुला काही राहणार नाही. घर, गोठा, रानहंस, बाबांच्या आकृत्या, सगळं रूफसला जाईल. त्यासाठीच तर सकाळपासून हा कागद काळा करतेय."

"माहीत आहे. मीही वकिलांकडे गेले होते."

"तू कशाला?"

"माझंही मृत्युपत्र करायचं होतं." ती टेबलापाशी आली. "माझ्याकडे आहे काय म्हणा. पण उद्या मी बसणार होते ना."

मला क्षणभर काही कळले नाही. यूनिसला कळले असावे. तिने माझी कवळी रुमालातून काढून मुकाट्याने माझ्यापुढे ठेवली.

"आई, भुकटी मीच नव्हती घातली," लोविना म्हणाली. "पाऊस येत होता, गाडीवाला ओरडत होता, मी म्हटलं एवढ्यानं काय होतंय. उलगडली त्याच दिवशी मला कळलं. तुझ्या आधी कळलं. ते रेशीम बोटाखाली कसं लागतं ते तूच शिकवलंयस मला."

"मग म्हणालीस कशाला की काही झालेलं नाही?"

"काय म्हणू? बाबांनी शेवटचं बांधलेलं जहाज मी जाळलं म्हणू?" ती टेबलावर वाकली. "फाटायचंच असेल तर माझ्या डोक्यावर फाटू दे, असं म्हटलं मी. म्हणून जेवत नव्हते. तू का जेवत नव्हतीस ते आज त्या दांडीवर बघितलं. तुझं मनगट बघितलं."

मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि मांडीवर घ्यावेसे वाटले. दोघींपैकी एकीच्याही अंगात तेवढे बळ नव्हते.

मी काही करण्याआधी तिने टाक घेतला, कागद उलटला आणि खाली, साक्षीदाराच्या जागी, सही केली. जोराने केली. निब कागदातून खाली टेबलात गेले.

"माझी सही अजून व्हायचीय," मी म्हणाले. "साक्षीदार नंतर करतात."

यूनिस म्हणाली, "लोविना, हे कोर्टात टिकायचं नाही."

"टिकायला नकोच आहे." ती माझ्याकडे वळली. "आता ऐक. उद्या तू चढलीस आणि नाही आलीस, तर या घरातून मला रूफसमामा बाहेर काढील. चढायचं असेल तर हे करून चढ. आणि मी रानहंसात किंवा त्याच्या ठिणग्यांत, कशातच बसणार नाही, हा शब्द देते. आता तुला वर जायला कारण उरलं नाही. तरी चढून मान मोडून घ्यायची असेल, तर तू बघ."

तर आता न्यायाधीशांनी लक्षात घ्यावे की या कागदात सकाळपासून मी जे जे लोविनाला दिले, ते सगळे तिच्या एका सहीने उडाले. कायद्याने टिकण्यासारखे एवढेच उरले आहे की यूनिसच्या नवऱ्याला लांब होणारा कोट आणि रूफसला पिंप मिळावे. माझी बुद्धी शाबूत आहे, म्हणून मला हेही कळते की असे मृत्युपत्र मागे ठेवून मरणे मला परवडणार नाही. सोमवारी सकाळी मी वकिलांकडे जाईन आणि ॲझेलने टाळलेला तो दत्तकाचा कागद करीन. त्यासाठी मला सोमवारपर्यंत जमिनीवर राहावे लागेल.

उद्या घुमटाला रूफस एकटाच वळसा घालेल. लोक म्हणतील बीचमचे सुकाणू वळत नव्हते म्हणून बायका आल्या नाहीत. म्हणोत. हे लिहिताना माझ्या छातीत दुखते आहे, खोटे कशाला सांगू. ॲझेल, तूही म्हणालास तर ऐकून घेईन.

मी सही केली की आम्ही दोघी गोठ्यात जाणार आहोत. पट्टा मी धरीन, कात्री तिच्या हातात असेल. डेलबर्टना आत बोलावले आहे, शिडी धरायला. यूनिसने चुलीवर बटाटे ठेवले आहेत आणि आम्हा दोघींना ताकीद दिली आहे की कुत्र्याला ती बाहेर बांधणार आहे. अजून उजेड आहे.

वर लिहिलेले सगळे मी वाचले आहे, ते माझेच आहे, आणि ते खरे आहे.

सही: डोर्कस ॲन बीचम
ठिकाण: बेल्टन्स कॉर्नर, राज्य ओहायो
तारीख: १३ सप्टेंबर १९०७, शुक्रवार, संध्याकाळ

साक्षीदार पहिली: यूनिस पार्माली, शेजारीण. माझ्यासमोर सही झाली. साक्षीदारांच्या सह्यांचा क्रम चुकलेला आहे आणि तो मी पाहिला आहे.

साक्षीदार दुसरी: लोविना बीचम, मुलगी. मला या कागदातलं काही नको. आई हवी.